इस्त्रीला ओढावं लागतं

एखाद्या गोष्टीत पडावं की पडू नये हे ठरवायचं असलं, की मी कागदावर मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. सवय कचेरीतली आहे. पाणीपुरवठा कचेरीत नळजोडणीचे अर्ज तपासायचे आणि त्यांतल्या त्रुटी काढून ते परत पाठवायचे, हे माझं एकतीस वर्षांचं काम. लग्न ठरवतानासुद्धा मी असा कागद केला होता आणि पुढे तो आमच्या हिच्या हाती लागला. उजव्या बाजूला मी काय लिहिलं होतं, ते ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

तर त्या दिवशी कागदाच्या डोक्यावर मी लिहिलं होतं, 'इस्त्री क्लबचं सभासद व्हावं काय?'

इथे खुलासा करायला हवा. इस्त्री म्हणजे आमची गाडी. म्हणजे बाबांची. पुढून निमुळती, मागून सपाट, आणि टपावर मुठीसारखं वाकलेलं कॅरियर. बाजारात आली त्याच आठवड्यात लोकांनी तिला इस्त्री म्हणायला सुरुवात केली. तिचं खरं नाव आता कोणालाच आठवत नाही, कारण ती बनवणारी कंपनी बंद पडूनही जमाना झाला. पण अजून ज्यांच्याकडे इस्त्री आहे अशा लोकांचा एक क्लब आहे. त्याला घटना आहे, चिटणीस आहेत, त्रैमासिक आहे, आणि हे सगळं असल्यावर ओघानेच वर्गणीही आहे.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून इस्त्री इमारतीच्या मागच्या अंगाला ताडपत्री पांघरून उभी होती. मी काही गाड्यांचं वेड असलेला माणूस नाही. बाबांनी मला ती कधी चालवायला दिली नाही. 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणत म्हणत ते गेले. पण रोज कचेरीतून आलो की मी आधी मागे जायचो, ताडपत्रीवर जरा हात ठेवायचो आणि मग वर जायचो. कोणी पाहिलंच तर ताडपत्रीची दोरी तपासतोय असं दाखवायचो. मला गाडी नको होती, तिचा आवाज हवा होता. लहानपणी रविवारी फिरायला जायचं असलं की आई-बाबा दहा मिनिटं आधी खाली उतरायचे, 'गाडी गरम करायला'. आम्ही तिघं भावंडं, आजी, आजोबा आणि आत्या पुढे गेटपाशी उभे. मग कोपऱ्याआडून आधी तो घर्रघर्र आवाज यायचा आणि मागोमाग इस्त्रीचं नाक दिसायचं. आठ माणसं त्यात कशी मावायची हे विचारू नका. घडी घालून. तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला मिळावा म्हणून मी वाटेल ते केलं असतं, पण माझ्या वयाच्या माणसाने हे कोणाला सांगायचं?

अशात इमारतीच्या सूचनाफलकावर सोसायटीच्या सेक्रेटरींची सूचना लागली. 'आवारातील बंद वाहने महिनाअखेर हलवावीत, अन्यथा भंगारात देण्यात येतील. मान्यताप्राप्त संस्थेचे जतन-प्रमाणपत्र असलेली वाहने अपवाद.' आवारात बंद वाहन एकच होतं. अनेकवचन निव्वळ सभ्यतेपोटी होतं.

म्हणून हा कागद. फायद्यांच्या बाजूला मी लिहिलं: प्रमाणपत्र, त्रैमासिक, वार्षिक मेळावा, बंपरवर लावायचा पितळी बिल्ला. तोट्यांच्या बाजूला लिहिलं: वर्गणी. त्याखाली लिहिलं: ही.

"'ही' म्हणजे मी की इस्त्री?" मागून आवाज आला.

"संदर्भाने समजतं," मी म्हणालो.

"आणि त्यातून मिळणार काय?"

"बिल्ला."

"कपड्यांचा ढीग पडलाय तिकडे. आधी घरची इस्त्री करा, मग क्लबात जा."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली आहे. ती तशीच म्हणाली, "आधी चालू होतेय का बघ. तिला ओढावं लागतं हं."

मी मान डोलावली. चार वर्षं उभ्या असलेल्या गाडीची अवस्था ओढून नेण्यासारखीच असणार, हे सांगायला आईची गरज नव्हती. आई ब्याऐंशीची आहे. तिचं बोलणं हल्ली आम्ही प्रेमाने ऐकतो, म्हणजे ऐकत नाही.

क्लबाचे चिटणीस दातांचे डॉक्टर निघाले. मी फोन केला तेव्हा मागे यंत्राचा आवाज येत होता आणि मधूनमधून एक माणूस विव्हळत होता.

"आमच्यात दोन प्रकार आहेत," ते म्हणाले. "उभे सभासद आणि चालते सभासद. ज्याची गाडी उभी तो उभा, ज्याची चालते तो चालता. चूळ भरा."

"मी?"

"तुम्ही नाही. बोला."

"प्रमाणपत्र कोणाला मिळतं?"

"फक्त चालत्यांना. उभ्यांना त्रैमासिक."

"मग मी काय करावं म्हणता?"

"वर्गणी भरा आणि महिन्याभरात चालते व्हा!"

मी फोन ठेवून दिला. एकतीस वर्षांत मी अनेकांना मनातल्या मनात 'चालते व्हा' म्हटलं असेल, पण मला असं तोंडावर, तेही वर्गणी मागून, कोणी म्हटलं नव्हतं. दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हिने कारण काढून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. "अहो, चालते सभासद व्हा म्हणाले ते!" मग मीही हसलो, पण मनाला लागलं होतं ते लागलंच.

अर्ज भरून पाठवला. माझा अर्ज! नळजोडणीचे हजारो अर्ज ज्याने परत पाठवले, त्याचा अर्ज आठ दिवसांत लाल शाईच्या शेऱ्यासह परत आला. रकाना अकरा, 'कुटुंबात पूर्वी कोणी सभासद होते काय?' मी लिहिलं होतं, 'नाही.' त्यापुढे शेरा: 'चूक. आपले वडील सभासद क्रमांक सदतीस. जुन्या नोंदवहीतील उतारा सोबत.' उताऱ्यात एकच ओळ होती, 'क्र. ३७ यांस तार पाठविली. पोच नाही.' खाली तारीख होती, मी चौथीत असतानाची.

बाबा क्लबात होते हे मला ठाऊकच नव्हतं. आणि क्लबाला त्यांना तार करण्याची वेळ का यावी? त्या काळी तार आली की आधी घरात रडायला सुरुवात व्हायची आणि मग ती वाचली जायची.

"आई, बाबांना क्लबाची तार आली होती का गं?"

आईने डोळे खाडकन उघडले. "तुला कोणी सांगितलं?"

"नोंद आहे. कोण गेलं होतं?"

"कोणी नाही गेलं," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे इतक्या बारकाईने पाहू लागली की मी पुढे काही विचारलं नाही.

या पत्रव्यवहाराने आणखी एक घोटाळा केला. पाकिटावर 'इस्त्री क्लब' असं ठळक छापलेलं होतं आणि खाली ब्रीदवाक्य होतं, 'घडी मोडणार नाही.' पोस्टमनने ते चुकून वरच्या मजल्यावर दिलं. वरच्या मजल्यावर जे राहतात त्यांना सगळी इमारत सल्लागार म्हणते. ते पाकीट घेऊन आले, आणि सोबत दोन पँटी आणि एक सदरा.

"निवृत्तीच्या आधीच जोडधंदा बघितलात, शाबास," ते म्हणाले. "लाजायचं काय त्यात? कॉलर मात्र जरा कडक हवी."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर ते 'संध्याकाळपर्यंत चालेल' म्हणून गेलेसुद्धा. ही म्हणाली, "नाहीतरी आपली करायचीच आहे." मी तीन कपडे केले. चौथा आमचाच होता, तो करपला. संध्याकाळी सल्लागारांनी घडी पाहिली आणि 'हळूहळू हात बसेल' असा धीर दिला.

एकदाचा अर्ज मंजूर झाला आणि मी रीतसर उभा सभासद झालो. आता महिना संपायला अकरा दिवस राहिले होते. मी मिस्त्री आणला. इस्त्रीचा मिस्त्री म्हणून इमारतीतल्या पोरांनी त्याच्यावर गाणं रचलं, तरी तो बिचारा टिकून राहिला. त्याने नवी बॅटरी घातली, टाकी धुतली, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. प्लग बदलायची वेळ आली तेव्हा मी बाबांची हत्यारांची पेटी उघडली. आत प्लग, दिव्याचे गोळे, फ्यूज, सगळं एकेक करून गुंडाळून ठेवलेलं. बाबांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याच्या चिंध्या आणि प्रत्येक पुरचुंडीला दोन गाठी. त्यांची वस्तू ठेवायची हीच पद्धत होती. दर रविवारी सकाळी ते गाडीच्या सीटसुद्धा काढून उन्हात झटकायचे आणि मग परत बसवायचे. पुरचुंडी सोडताना माझा हात थांबला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, द्या इकडे, मी सोडतो." मी दिली नाही.

शेजारच्या सीटपुढे, डॅशबोर्डच्या खालून, एक सुतळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला कोटाचं मोठं काळं बटण होतं. मिस्त्रीने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पिशवी अडकवायला असेल." त्याने ते बाजूला सारलं.

"सगळं ठीक आहे," चौथ्या दिवशी तो हात पुसत म्हणाला. "पण ही काही मनावर घेत नाही."

मग सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं, बॉनेटवर गरम पाणी ओता. कोणी म्हणालं, तिच्यासमोर भंगाराचं नाव काढू नका. सेक्रेटरी रोज सकाळी गॅलरीतून गाडीकडे बघायचे आणि मग घड्याळाकडे बघायचे. शेवटी एका दुपारी इमारतीतले सहा पुरुष ढकलायला जमले. गाडी दहा पावलं गेली, सेक्रेटरींच्या कुंड्यांपाशी थांबली. दोन कुंड्या गेल्या. तेवढ्यात वरून, आमच्या गॅलरीतून, आई ओरडली, "अरे, ढकलताय काय? तिला ओढावं लागतं!"

"बघा!" सल्लागार म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला कळतं ते आपल्याला कळत नाही." आणि ते आपली जीप घेऊन आले.

दोर बांधला. मी बाजूला उभा राहून हातवारे करत होतो, कारण सगळ्यांना काम होतं आणि मलाच नव्हतं. जीप निघाली, आवारातून वळली, गेटबाहेर गेली. इस्त्री जागच्या जागी. जीपमागे दोराला बांधलेला आमचा बंपर तेवढा खणखणत गेला. सल्लागार पार चौकापर्यंत गेले आणि तिथे एका पोलिसाने त्यांना विचारलं की हे आपण काय ओढत आहात. वर आई दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होती. खालच्या गलक्यात ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ती आत निघून गेली आणि त्या दिवशी जेवताना माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, बंपरमुळे असेल.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चिटणीस तपासणीला आले. स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र इस्त्रीतून. ती गेटमधून आत येताना मला तो आवाज ऐकू आला, नेमका तोच, आणि मी क्षणभर रस्त्याच्या कडेला सरकून उभा राहिलो, जणू आता दार उघडेल आणि कोणीतरी म्हणेल, चला, चढा भराभर. दार उघडलं आणि दातांचे डॉक्टर उतरले.

त्यांनी बॉनेटच्या आत छोटी बॅटरी मारली. "आणखी उघडा. मोठ्ठं. हं." मग एका छोट्या हातोडीने इंजिनावर इथे-तिथे वाजवून पाहिलं. "हिला थंडीचा त्रास होतो का?"

"आम्हाला तिने तसं काही सांगितलं नाही," ही म्हणाली.

"नियम सोपा आहे. मालकाने स्वतः चालवायची, वीस पावलं. कोणी ढकलायचं नाही."

मी बाबांच्या जागी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. स्टिअरिंगच्या कडेला त्यांच्या बोटांनी रंग उडालेला होता, तिथे माझी बोटं आपोआप गेली. मी किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा. सल्लागार म्हणाले, "आठवं." कोणीही काही मोजायला सांगितलं नव्हतं. सेक्रेटरींनी हळूच सांगितलं की भंगारवाला चार वाजता येतो आहे, आणि ते खरंच हळू आवाजात म्हणाले, त्याबद्दल मी त्यांच्यावर आजही राग धरत नाही.

तेवढ्यात जिन्याकडून काठीचा आवाज आला. आई खाली उतरली होती. गुडघ्यांमुळे ती पाच महिने खाली आली नव्हती. ती कोणाकडे न बघता गाडीला वळसा घालून आली, शेजारचं दार उघडलं, काठी माझ्या हातात दिली आणि आपल्या जागेवर बसली.

"अख्ख्या गावाला विचारलंस," ती म्हणाली. "मला विचारलंस?"

"अगं, तूच म्हणालीस ना, ओढावं लागतं. ओढली की आम्ही!"

"गाडी नाही रे!" तिने ते कोटाचं बटण मुठीत धरलं. "हे. चोक. त्या बाजूची मूठ नुसती नावाला आहे. इथून ओढून धरावं लागतं, ती गरम होईपर्यंत. पाय दोनदा दाब. हं. आता म्हण."

"काय म्हणू?"

"ओढ म्हण. ते म्हणायचे. त्याशिवाय मी ओढत नाही."

"ओढ," मी म्हणालो.

मी तो शब्द आज्ञार्थी म्हटला होता. तिने तो तसा ऐकला नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिने बटण ओढलं, मी किल्ली फिरवली, आणि इस्त्री एकदा खोकून चालू झाली. घर्रघर्र. सगळी गाडी थरथरत होती आणि आई सुतळी घट्ट धरून समोर बघत होती. वीस पावलांचा नियम मी विसरलो आणि कोपऱ्यावरून वळून पार गेटपर्यंत गेलो, इमारतीला वळसा घालून परत मागे आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सल्लागार कोणालातरी सांगत होते की ओढायचं तर त्यांनीच सुचवलं होतं.

डॉक्टर खिडकीतून आत वाकले. "चोकची तार तुटलीय होय! पण सदतीस नंबरला आम्ही तार पाठवली होती. नोंद आहे. पोच आली नाही कधी."

"ती तार म्हणजे..." मी म्हणालो.

"म्हणजे तार! चोकची! तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. मी आईकडे बघितलं. आई बाहेर भिंतीकडे बघत होती, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी.

"माझ्या सीटखाली बघ," ती म्हणाली. "त्यांना मिळालीच नाही ती. पोस्टमनकडून मी घेतली आणि दडवली."

"का पण?"

इंजिनाच्या आवाजाखाली, फक्त मला ऐकू येईल असं ती म्हणाली, "दोन खोल्या, आठ माणसं. आम्हाला दोघांना कुठे बसायला मिळायचं? तार बसली असती तर गाडी गरम करायला ते एकटेच खाली आले असते."

मी वाकून सीटखाली हात घातला. मागच्या बाजूला, स्प्रिंगांच्या वर, काहीतरी खोचलेलं होतं. बाहेर काढलं. पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची चिंधी आणि दोन गाठी.

आईने ती पुरचुंडी माझ्या हातातून घेतली. उलटी केली, सुलटी केली. गाठींवरून अंगठा फिरवला.

"मी तर कागदात ठेवली होती," ती म्हणाली.

बाबा दर रविवारी सीट काढून उन्हात झटकायचे. ते मला आठवलं, आणि तिलाही आठवलं असणार, कारण तिने ती पुरचुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि मान खाली घातली. सुतळी सुटली होती, पण इस्त्री आता गरम झाली होती, बंद पडली नाही.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "दोषाच्या रकान्यात तार लिहावी लागेल. पण काळजी नको, सभासदांना मोफत बसवून देतो. पाच मिनिटांचं काम."

एकतीस वर्षांची नोकरी माणसाच्या कधीतरी उपयोगी पडावीच लागते. "डॉक्टर," मी म्हणालो, "दोषाचा रकाना कोरा सोडा. त्याच्या वर 'मूळ रचना' असा रकाना आहे. तिथे लिहा: चालू करण्यास दोन माणसे आवश्यक."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. मग लिहिलं, सही केली आणि मला हात देऊन म्हणाले, "अभिनंदन. चालते झालात." सेक्रेटरींनी प्रमाणपत्राच्या तीन प्रती मागितल्या. बिल्लाही मिळाला. तो बंपरवर लावायचा असतो, असं त्यावरच लिहिलं होतं, आणि बंपर सल्लागारांच्या जीपमध्ये होता.

हळूहळू माणसं पांगली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद करायला गेलो तर आईने माझा हात धरला.

"चालू राहू दे जरा," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

मी उतरलो. दार हलकेच लावलं. वर जावं असं वाटेना. चालत चालत गेटपाशी गेलो आणि तिथे आम्ही भावंडं उभे राहायचो त्याच जागी उभा राहिलो. कोपऱ्याआडून आवाज येत होता. मागोमाग ही आली, हातात माझा तो रेघ मारलेला कागद होता.

"अहो, इथे काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "तुम्ही चालते झालात ना आता?"

"थांब जरा," मी म्हटलं. "गाडी गरम होतेय."